नाकामागच्या कॅन्सरची ‘स्टेज’ म्हणजे काय?

(रेडिओवर झालेलं हे बोलणं गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं, म्हणून इथे छापत आहोत.)



कुणाच्या घरी कॅन्सरचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला जातो, “स्टेज कितवी?” डॉक्टरांनी तीन किंवा चार म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर नातेवाईक आपसात बोलतात, “आता काही उपयोग नाही, उगाच पैसा घालवायचा.” कुणी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतं, कुणी म्हणतं घरी घेऊन चला. उपचाराचा पहिला दिवस उजाडण्याआधीच माणूस गेल्यात जमा होतो.

म्हणून आज आम्ही ‘स्टेज’ या एकाच शब्दाबद्दल बोलणार आहोत. उदाहरण घेतलं आहे नाकामागच्या कॅन्सरचं. महाराष्ट्रात हा आजार फार कमी दिसतो. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कॅन्सर कितीतरी जास्त आहे. तरी हाच आजार निवडण्याची दोन कारणं आहेत. याची पहिली खूण म्हणजे बहुतेक वेळा मानेतली न दुखणारी गाठ, आणि न दुखणाऱ्या गाठीकडे आपण सगळ्याच जणी दुर्लक्ष करतो. दुसरं म्हणजे, या आजारात तिसऱ्या स्टेजचे पुष्कळ रुग्ण पूर्ण उपचार घेऊन बरे होतात. तेव्हा ‘तीन नंबर म्हणजे संपलं’ ही समजूत किती चुकीची आहे, ते या उदाहरणातून नीट कळतं.

ही जागा नेमकी कुठे आहे?

नाकातून घेतलेला श्वास मागे जातो आणि मग घशात उतरतो. नाक जिथे संपतं आणि घसा जिथे सुरू होतो, ती टाळूच्या वरची, पडजिभेच्या मागची पोकळी म्हणजे ही जागा. आरशात तोंड उघडून पाहिलं तरी ती दिसत नाही. बोट घालून चाचपताही येत नाही. तोंडातला चट्टा निदान डोळ्यांना दिसतो. इथली वाढ दिसत नाही.

दोन्ही कानांपासून येणाऱ्या बारीक नळ्या याच पोकळीत उघडतात. सर्दी झाली की कानाला दडा बसतो तो या नळ्यांमुळे. या पोकळीच्या वर कवटीचा तळ आहे आणि त्याच्यावर मेंदू. डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या नसा तिथून जवळूनच जातात. एवढं ध्यानात ठेवलं की या आजाराच्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप समजतात.

नळीचं तोंड दाबलं गेलं की एका कानाला दडा बसतो, कमी ऐकू येतं, कानात आवाज येतो. वाढ नाकाच्या बाजूला आली की एक नाकपुडी सतत चोंदते, शेंबडातून किंवा थुंकीतून रक्त येतं. वाढ वर कवटीच्या हाडाकडे गेली की डोकं दुखत राहतं, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गालाला बधिरपणा येतो. आजार मानेतल्या गाठींपर्यंत गेला की कानाखाली, जबड्याच्या मागे गाठ हाताला लागते.

यातली प्रत्येक गोष्ट साध्या कारणानेही होते. सर्दीने दडा बसतो, उन्हाने घोळणा फुटतो. म्हणून घाबरायचं नाही, पण दिवस मोजायचे. तीन आठवड्यांत कमी झालं नाही, आणि विशेषतः एकाच बाजूला होत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून ही जागा पाहतात. संशय आला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्यालाच बायोप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय आजाराचं नाव पक्कं होत नाही.

मानेच्या गाठीबद्दल आणखी एक सांगतो. आपल्या देशात मानेत गाठ आली की पहिला संशय टीबीचा येतो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खात बसू नका. गाठ कशाची आहे, हे तपासणीच सांगते.

हा कुणाला होतो आणि कशाने?

जगात हा आजार सगळ्यात जास्त दिसतो तो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, हाँगकाँगमध्ये आणि आग्नेय आशियात. आपल्या देशात तो ईशान्येला, विशेषतः नागालँडमध्ये जास्त आहे. कोहिमा जिल्ह्यातलं त्याचं प्रमाण देशात सर्वात वरच्या क्रमांकात मोजलं जातं. पुरुषांना तो बायकांपेक्षा दुपटीहून जास्त होतो. चाळिशी ते साठी हा त्याचा मुख्य काळ, पण वयात येणाऱ्या मुलामुलींनाही होऊ शकतो. म्हणून “एवढ्या लहान वयात कसला कॅन्सर” असं म्हणून मुलाची मानेची गाठ सोडून देऊ नका.

कारण एक नसतं. एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू आहे. तो जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि काही न करता आयुष्यभर राहतो. थोड्याच लोकांत, घराण्याचा वारसा आणि खाण्यापिण्याच्या सवयी यांची साथ मिळाली की तो या कॅन्सरला हातभार लावतो. दक्षिण चीनमध्ये लहान मुलांनाही खारवलेले खास पद्धतीचे मासे भरवतात, त्याचा या आजाराशी संबंध सिद्ध झाला आहे. नागालँडमध्ये चुलीवर धुरवलेलं मांस आणि कोंदट घरातला धूर यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे. तंबाखूच्या धुरानेही धोका वाढतो.

आणि हे बैठकीत मोठ्याने वाचा: कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं करण्याचं काहीएक कारण नाही.

टी, एन, एम: कागदावरची तीन अक्षरं

रानात हरळी शिरली की आपण काय बघतो? पहिलं, ज्या वावरात ती उगवली तिथे किती पसरली. दुसरं, बांधावर गेली का. तिसरं, लांबच्या दुसऱ्या रानात कुठे दिसते का. डॉक्टर तेच तीन प्रश्न विचारतात. त्यासाठी एमआरआय, सीटी किंवा पेट-सीटी असे फोटो काढतात. रिपोर्टवर उत्तरं तीन अक्षरांत येतात.

‘टी’ म्हणजे मूळ जागेतली वाढ. टी१ म्हणजे आजार त्या पोकळीत आहे, फार तर शेजारी नाकात किंवा घशात उतरला आहे. टी२ म्हणजे बाजूच्या मऊ मांसात गेला आहे. टी३ म्हणजे कवटीच्या तळाच्या किंवा मानेच्या हाडाला, नाहीतर नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांना लागला आहे. टी४ म्हणजे कवटीच्या आत, नसांना, डोळ्याच्या खोबणीत किंवा त्याहून लांब पोहोचला आहे.

‘एन’ म्हणजे मानेच्या गाठी. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते आपल्याला माहीत आहे. तशाच रक्षण करणाऱ्या गाठी मानेतही असतात आणि हा आजार तिथे लवकर पोहोचतो. एन० म्हणजे गाठी स्वच्छ. एन१ म्हणजे मानेच्या एका बाजूला आहे. एन२ म्हणजे दोन्ही बाजूंना. एन३ म्हणजे गाठ सहा सेंटिमीटरहून मोठी आहे, तीन बोटं शेजारी ठेवल्यावर होते त्याहून रुंद. किंवा ती मानेत खाली, कंठमण्याखालच्या कडक कडीच्याही खाली उतरली आहे.

‘एम’ म्हणजे लांबचा प्रसार. एम० म्हणजे नाही. एम१ म्हणजे हाडं, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचला आहे.

या तिन्हींची बेरीज करून जो आकडा निघतो, ती स्टेज. म्हणजे आजाराने कुठवर मजल मारली याचा तो पत्ता आहे. माणूस किती दिवस जगणार, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

आकडा बदलला, आजार तोच

आता एक गंमत ऐका. ही बेरीज कशी करायची याचे नियम जगभरातले तज्ज्ञ ठरावीक वर्षांनी तपासून बदलतात. या आजारासाठी २०१८पासून आठव्या आवृत्तीचा नियम चालत होता. नववी आवृत्ती २०२५पासून लागू झाली.

समजा एका रुग्णाच्या कागदावर टी३, एन२, एम० लिहिलं आहे. हाडाला लागलंय, दोन्ही बाजूंना गाठी आहेत, लांब कुठे नाही. आठव्या नियमाने ही स्टेज तीन. नवव्या नियमाने हीच स्टेज दोन. दुसऱ्याचा कागद बघा: टी४, एन१, एम०. जुन्या नियमाने ही चौथी स्टेज होती, नव्याने तिसरी. नव्या नियमात चौथी स्टेज फक्त लांब पसरलेल्या आजाराला म्हणतात.

नियम का बदलला? हजारो रुग्णांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की चांगल्या उपचारानंतर हे रुग्ण जुन्या आकड्यावरून वाटायचं त्याहून बरे राहतात. मग विचार करा, जुन्या नियमाचा ‘चार’ आकडा ऐकून जे घरी परतले असतील, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा आजार बरा होण्यासारखा होता.

म्हणून नुसता आकडा विचारून थांबू नका. “टी किती, एन किती, एम किती?” असं विचारा. त्यातही सगळ्यात महत्त्वाचं एम. एम० असेल, तर डॉक्टर आजार मुळापासून घालवण्याच्या हिशेबानेच उपचार आखतात.

पुढे काय होईल?

आजार पुढे कसा वागेल, याच्या अंदाजाला डॉक्टर पूर्वानुमान म्हणतात. तो अंदाज पूर्वीच्या रुग्णांवरून बांधलेला असतो. आपण मागच्या वीस वर्षांच्या पावसावरून यंदाचा अंदाज करतो, तसंच. आपल्याच रानात किती पडेल, हे त्यातून नक्की कळत नाही.

अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की आजार मूळ जागेपुरता असताना सापडलेल्या १०० रुग्णांपैकी ८०हून जास्त पाच वर्षांनंतर जगण्याची अपेक्षा असते. मानेच्या गाठींपर्यंत गेलेल्यांत हा आकडा ७०च्या वर आहे. लांब पसरलेल्यांत तो साधारण निम्म्यावर येतो. हा आजार जास्त दिसणाऱ्या भागातल्या मोठ्या रुग्णालयांत, आजच्या नव्या तंत्राच्या रेडिएशनने, पहिल्या स्टेजचे १०० पैकी ९०हून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात.

हे आकडे ऐकून दोन गोष्टी घ्या. लवकर सापडलं तर फायदा मोठा आहे. आणि उशिरा सापडलं तरी दार बंद झालेलं नसतं.

लवकर सापडल्याने किती फरक पडतो, हे हाँगकाँगमध्ये तपासून पाहिलं गेलं. तिथे कसलाही त्रास नसलेल्या वीस हजारांहून जास्त पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूचे अंश शोधले. २०१७मध्ये निकाल छापून आला. ३४ जणांत हा कॅन्सर सापडला, आणि त्यातले १०० पैकी ७१ पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे होते. एरवी तिथे १०० पैकी वीसच इतक्या लवकर सापडायचे. तीन वर्षांनंतर आजार न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण १०० पैकी ७० होतं, ते ९७ झालं. महाराष्ट्रात आजार इतका कमी आहे की सगळ्यांचं रक्त तपासण्याची गरज नाही. आपल्यासाठी यातला धडा एवढाच की न दुखणारी गाठ आहे तोवरच डॉक्टरकडे जायचं.

पूर्वानुमान फक्त स्टेजवर ठरत नाही. रुग्णाचं वय, अंगातली ताकद, वजन किती उतरलंय, कॅन्सरच्या पेशींचा प्रकार, रक्तातलं विषाणूच्या अंशाचं प्रमाण, हे सगळं त्यात येतं. आणि एक गोष्ट घरच्यांच्या हातात असते: उपचार मध्ये न सोडणं.

उपचार आणि घरच्यांचं काम

ही जागा खोल असल्याने मुख्य उपचार ऑपरेशनचा नसतो, रेडिएशनचा असतो. आपल्याकडे त्याला ‘शेक देणं’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात. हा कॅन्सर रेडिएशनला चांगली दाद देतो. अगदी सुरुवातीच्या आजारात नुसतं रेडिएशन पुरतं. वाढलेल्या आजारात त्याच्या जोडीला केमो, म्हणजे सलाइनमधून औषध देतात. १९९८मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला. वाढलेल्या आजारात नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी निम्म्याहून कमी रुग्ण हयात होते. केमोची जोड मिळालेल्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त होते. तेव्हापासून जगभर ही जोड दिली जाऊ लागली.

रेडिएशन साधारण सात आठवडे चालतं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड येतं, लाळ आटते, चव जाते, घास गिळवत नाही. नेमका तेव्हाच रुग्ण म्हणतो, “बास, मला घरी न्या.” सुगी असते, पोराची परीक्षा असते, घरच्यांनाही वाटतं चार दिवस जाऊन येऊ. मैत्रिणींनो, ते चार दिवस फार महाग पडतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि झालेल्या उपचाराचा फायदा कमी होतो. त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. पण खाडा करू नका.

सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. किडलेले दात आधी काढावे लागतात, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. खायला पेज, खिमट, मऊ भात-वरण, ताक, अंड्याचा पातळ बलक शिजवून, असं जे गिळेल ते थोडं थोडं पण वारंवार द्या. तिखट आणि तंबाखू बंद. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम शिकवतात, तो रोज करायचा. बरं वाटल्यावरही तपासणी चुकवू नका. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो.

आता लांब पसरलेल्या, म्हणजे एम१ आजाराबद्दलही खरं बोललं पाहिजे. तो पूर्ण बरा होणं कठीण असतं. पण उपचाराने आयुष्य वाढतं, दुखणं कमी होतं आणि एक-दोनच ठिकाणी पसरला असेल तर काही जण बरीच वर्षं चांगले जगतात. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “हा उपचार बरं करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?” दोन्ही उत्तरांना मान आहे. रुग्णालाही ते ऐकण्याचा हक्क आहे. त्याच्या पाठीमागे सगळं ठरवू नका.

गटाने काय करायचं?

एक. हे प्रश्न वहीत उतरवून ठेवा: टी, एन, एम किती आहे? उपचार बरं करण्यासाठी आहे का? किती दिवस चालेल? राहायची सोय कुठे होईल? गावातलं कुणी दवाखान्यात निघालं की ही वही सोबत द्या.

दोन. पैशांअभावी कुणी मागे फिरत असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची आठवण करून द्या. त्यांत वर्षाला एका कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवायचं. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, अशा ठिकाणी समाजसेवक असतात, त्यांना आधी भेटायचं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तो फॉर्मही तिथेच मागायचा.

तीन. सात आठवडे सोबत कोण राहणार, हे आधी ठरवा. बाईचं कॅन्सरचं औषध पुष्कळदा अर्धवट सुटतं ते घरी म्हैस कोण बघणार, भाकरी कोण थापणार, या प्रश्नावर. हा प्रश्न डॉक्टर सोडवू शकत नाहीत. दहा जणींचा गट सोडवू शकतो. पाळ्या लावा.

आणि पुन्हा कुणाच्या अंगणात “स्टेज तीन आहे म्हणे, आता काय राहिलं” असं ऐकू आलं, तर गप्प बसू नका. रिपोर्ट मागा, ‘एम’पुढे काय लिहिलंय ते बघा, आणि त्या घराला दवाखान्याच्या वाटेला लावा.

तुमचे प्रश्न पत्राने किंवा फोनवर कळवा. पुढच्या वेळी आम्ही तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत. तोवर नमस्कार.